खेळण्यातली आगगाडी आणि खरा सिग्नल

रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाला लग्नकार्यात दोनच प्रश्न विचारले जातात. आमचे वेटिंगचे तिकीट कन्फर्म होईल का, आणि गाड्या उशिरा का धावतात? मी सिग्नल खात्यातला. पहिल्याशी आमचा काही संबंध नाही आणि दुसऱ्याचे उत्तर लांबलचक आहे, त्यामुळे मी सहसा जिलेबीकडे वळतो. यंदा मात्र स्मरणिकेच्या संपादकांनी "रेल्वेबद्दल काहीतरी लिहा, पण कंटाळवाणे नको" अशी गोड तंबी दिली, म्हणून हा लेख. विषय आहे खेळण्यातल्या रेल्वेचा. पण आमच्या खात्यात खेळणे आणि खरी वस्तू यांतले अंतर लोकांना वाटते तेवढे मोठे नाही.

निमित्त झाले ते गेल्या डिसेंबरात इथे सिकंदराबादला भरलेल्या मॉडेल रेल्वेच्या एका लहानशा प्रदर्शनाचे. भरवणारे सगळे हौशी लोक. कोणी आयटीतला, कोणी बँकेतला, एक दंतवैद्य. हॉलच्या मधोमध प्लायवुडची टेबले जोडून वीस-बावीस फूट लांब मांडणी केली होती. डोंगर, बोगदा, पूल, दोन स्टेशने, मालधक्का, पाण्याची टाकी. स्टेशनावरचा चहावाला नखाएवढा, पण त्याच्या हातातली किटली दिसत होती. मुलांनी टेबलाला असा गराडा घातला होता की मोठ्यांना टाचा वर करून बघावे लागत होते.

माझे लक्ष आधी रुळांकडे गेले. सवय, दुसरे काय. रूळ १६.५ मिलीमीटर रुंदीचे होते. जगभर सर्वांत जास्त चालणारे माप हेच. एचओ म्हणजे अर्धा शून्य, खऱ्याच्या १/८७ आकाराचे. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलीमीटरच्या रुळाला ८७ ने भागा, बरोबर साडेसोळा येतात. पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९.२६ येतात आणि या मापाचा तयार रूळ बाजारात मिळत नाही. म्हणून आपल्याकडचा हौशी माणूस भारतीय इंजिनाचे मॉडेल बनवून परदेशी मापाच्या रुळावर चालवतो आणि ते इंजिन किंचित उंटासारखे दिसते, अंग रुंद आणि पाय जवळजवळ. गंमत अशी की ज्या इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, त्यांचे स्वतःचे मॉडेलही चुकीच्याच रुळावर चालते. त्यांच्या गाड्या अंगाने लहान, त्यात त्या काळच्या मोटारी मावेनात, म्हणून त्यांनी गाडी १/७६ ची केली आणि रूळ तसाच १६.५ चा ठेवला. हिशोब केला तर तो रूळ खऱ्या मापापेक्षा सुमारे १७८ मिलीमीटर अरुंद ठरतो! जवळजवळ शंभर वर्षे ते असेच चालवत आहेत आणि सुखी आहेत.

या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगतो. खेळण्यातल्या गाड्या फार जुन्या आहेत, पण त्या जमिनीवर ओढायच्या नाहीतर किल्ली देऊन सोडायच्या. जर्मनीतल्या गोपिंगेन गावच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारी गाडी मांडली. ज्याने आज गाडी घेतली, तो पुढच्या नाताळात त्याच मापाचे आणखी रूळ, आणखी डबे घेऊ शकेल, ही त्यातली खरी व्यापारी चलाखी. पुढे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीच्या गाड्या आणल्या. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी लहानपणी मेकॅनोचा संच पाहिला असेल, तो याच गृहस्थांचा. छंदाने आज काय रूप घेतले आहे ते पाहायचे असेल तर हॅम्बुर्गचे मिनियातूर वुंडरलांड पाहावे. २००१ साली सुरू झालेली ही मांडणी जगातली सर्वांत मोठी मानली जाते. असो. ही झाली खेळण्याच्या दुकानाची गोष्ट. आमच्या खात्याची गोष्ट वेगळ्या टेबलावर सुरू होते.

१८७० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूटचे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. तिथे विल्यम रॉबिन्सन नावाच्या एका तरुण संशोधकाने स्वयंचलित सिग्नलचे एक चालते मॉडेल मांडले. गाडी एका ठिकाणावरून गेली की चाकाने एक कळ दाबली जाई, विजेचा प्रवाह सुरू होई आणि मागचा सिग्नल धोका दाखवी. गाडी पुढच्या टोकाला पोचली की दुसरी कळ दाबली जाऊन सिग्नल पुन्हा मोकळा होई. ते मॉडेल एका रेल्वेच्या अधिकाऱ्याने पाहिले आणि रॉबिन्सनला पेनसिल्व्हेनियातल्या किन्झुआ इथे खऱ्या रुळांवर ते बसवायला सांगितले. बसवले, चालले, सगळे खूश झाले.

खूश नव्हता तो रॉबिन्सन. त्याने स्वतःलाच प्रश्न विचारले. गाडी मध्येच तुटून तिचे दोन तुकडे झाले तर? पुढचा तुकडा टोकाची कळ दाबून निघून जाईल, सिग्नल मोकळा होईल, आणि मागचे डबे रुळावर उभेच असतील. तार तुटली तर? बॅटरी उतरली तर? प्रवाहच येणार नाही, म्हणजे धोका दाखवलाच जाणार नाही. त्याची यंत्रणा बिघडली की "या, या, रस्ता मोकळा आहे" असे सांगत होती. मग त्याने सगळा विचारच उलटा केला. रुळांतूनच सतत थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. प्रवाह पोचतो आहे तोवर रिले उचललेला आणि सिग्नल मोकळा. गाडी आली की तिचा लोखंडी आस दोन्ही रुळांना जोडतो, प्रवाह मधल्यामधेच परततो, रिले पडतो, सिग्नल धोक्यावर जातो. एकच डबा मागे राहिला तरी धोका. रूळ तुटला, तार तुटली, बॅटरी संपली, तरीही धोका. १८७२ साली त्याला याचे पेटंट मिळाले. यालाच आम्ही ट्रॅक सर्किट म्हणतो.

डिप्लोमाला असताना हे सर्किट एका आकृतीत शिकवले जाते आणि परीक्षेत पाच मार्कांना येते. त्यामागचा विचार मात्र नोकरीत मुरल्यावर कळतो. बिघाड होणारच; तो झाला की गाडी थांबली पाहिजे, हा आमच्या खात्याचा सगळा धर्म त्या एका उलटवलेल्या विचारात आहे. तुमची गाडी कधी आडरानात उगाचच उभी राहते आणि डब्यात सगळे रेल्वेच्या नावाने बोटे मोडतात, तेव्हा पुष्कळदा कुठेतरी एक रिले पडलेला असतो.

सिग्नल शिकवायलाही मॉडेलच लागते. खऱ्या रुळांवर शिकाऊ माणसाला चूक करू देणे कोणाला परवडेल? इंग्लंडमधल्या लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ साली मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनात सिग्नलमनच्या शाळेसाठी एक मोठे मॉडेल बांधले. त्याला छोटे सिग्नल, छोटे पॉइंट, आणि ते चालवायला खऱ्यासारखे लिव्हर व ब्लॉक यंत्रे. त्या टेबलावर १९९५ पर्यंत, म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे, माणसे शिकून गेली! आता ते यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. आपल्या सिकंदराबादेतही तारनाक्याला इरिसेट ही सिग्नल आणि दूरसंचाराची संस्था १९५७ पासून आहे. साऱ्या देशातले सिग्नलवाले तिथे शिकायला येतात, हे आपल्या मंडळातल्या कितीतरी लोकांना, तिच्या भिंतीवरून रोज जात असूनही, माहीत नसते.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी. अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ पासून मॉडेल रेल्वेचा एक क्लब आहे. त्यात दोन तट होते. एकाला डबे रंगवण्यात रस, दुसऱ्याला टेबलाखालच्या वायरींत. या दुसऱ्या गटाचे नाव 'सिग्नल्स अँड पॉवर' उपसमिती. टेलिफोन एक्स्चेंजचे टाकाऊ रिले जोडून त्यांनी गाड्यांचे नियंत्रण उभे केले. तिथली पोरे पुढे विद्यापीठाच्या पहिल्या संगणकांना चिकटली आणि 'हॅक' हा शब्द आजच्या अर्थाने त्यांच्याच बोलण्यातून बाहेर पडला. तेव्हा हायटेक सिटीतल्या आपल्या तरुण मंडळींनी सिग्नलवाल्यांना जरा मान द्यावा, ही नम्र विनंती.

आता प्रदर्शनाकडे वळतो. मी एकटा गेलो नव्हतो. आपल्या मंडळातले एक निवृत्त स्टेशन मास्तर, ज्यांना सगळे मास्तरकाका म्हणतात, ते बरोबर होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची बहुतेक नोकरी मनमाड लाइनच्या मीटरगेजवर, छोट्या छोट्या स्टेशनांत गेली. ही लाइन म्हणजे आपल्यापैकी निम्म्या घरांचा इतिहास आहे. वाडीहून सिकंदराबादला ब्रॉडगेज आला तो १८७४ साली, पण मराठवाड्याच्या माणसाला हैदराबादची वाट खऱ्या अर्थाने उघडली ती हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने. १९०१ पर्यंत मनमाड ते हैदराबाद मीटरगेजची लाइन पुरी झाली. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड. निजामाच्या राज्यात नोकरीला, शिक्षणाला, कोर्टकचेरीला माणसे याच गाडीने आली आणि इथलीच झाली. अजिंठा एक्सप्रेस मीटरगेजवर धावत होती ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. नव्वदच्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तो रूळ रुंद झाला. मॉडेलमध्ये मीटरगेज करायचे तर १/८७ ने साडेअकरा मिलीमीटर येतात. बारा मिलीमीटरचा रूळ बाजारात मिळतो. म्हणजे आपली मनमाड लाइन मॉडेलमध्ये ब्रॉडगेजपेक्षा जास्त खरी दिसेल. हे मी काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग करा की! वाट कोणाची बघताय?"

हॉलच्या दोन टोकांना दोन जुनी लाल यंत्रे ठेवलेली होती, नीलची बॉल टोकन यंत्रे, कुठून तरी उसनी आणून पुन्हा चालू केलेली. मुले तिकडे फिरकत नव्हती, कारण त्यात काही धावत नव्हते. काका मात्र थेट तिकडे गेले.

एकेरी लाइनवर समोरासमोरून दोन गाड्या एकाच वेळी येऊ नयेत, हा रेल्वेचा सर्वांत जुना प्रश्न. १८७४ च्या सप्टेंबरात, म्हणजे सिकंदराबादला पहिली गाडी आली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे रात्री दोन गाड्या एकेरी लाइनवर समोरासमोर आदळल्या. तारेने परवानगी दिली-घेतली जात असे आणि त्या रात्री एका तारेबाबत दोन माणसांचा गैरसमज झाला. २५ माणसे गेली. त्यानंतर एडवर्ड टायर याने टॅब्लेट यंत्र बनवले, ज्यात माणसाच्या शब्दाऐवजी हातात धरता येणारी एक वस्तू हीच परवानगी. नीलचे टोकन यंत्र त्याच जातकुळीतले. दोन स्टेशनांत दोन यंत्रे, तारेने जोडलेली, दोन्हीत पोलादी गोळे. समोरच्या स्टेशन मास्तरने आपल्या यंत्रातून प्रवाह पाठवल्याशिवाय इकडचा गोळा निघत नाही आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडे दुसरा निघत नाही. तो गोळा चामडी पाकिटात घालून मोठ्या कड्याला अडकवायचा आणि ड्रायव्हरला द्यायचा. हातात गोळा नाही तर गाडी पुढे नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा काही ठिकाणी हे चालू होते.

काकांनी खुर्ची ओढली, बसले आणि बेलची कळ दाबली. एक ठोका. पलीकडच्या टोकाला घंटा वाजली आणि तिथे उभा असलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा दचकला. काका इकडून ओरडले, "अरे, एक ठोका म्हणजे लक्ष दे! तूही एक दे." मुलाने दिला. मग दोन ठोके, लाइन मोकळी आहे का. तीन, गाडी निघाली. चार, गाडी पोचली. सहा म्हणजे धोका, गाडी अडव. अर्ध्या तासात यंत्रांभोवती टेबलापेक्षा जास्त गर्दी. सोळा ठोके कशाचे, असे एका मुलीने विचारले, तर "ते नुसती घंटा तपासायला, पण तेवढे मोजता आले पाहिजेत" असे उत्तर मिळाले आणि सगळी मुले सोळा मोजायला लागली. मी काकांना वीस वर्षे ओळखतो. आरतीच्या रांगेत मागे उभे राहणारे, फारसे न बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जात असावा.

निघताना त्यांनी मोठ्या टेबलाकडे एक नजर टाकली आणि थांबले. म्हणाले, "अरे, हा होम सिग्नल खोटं बोलतोय."

मी पाहिले. सिग्नल हिरवा होता, मेन लाइनचा. खालचा पॉइंट लूपला लागलेला आणि लूपवर मालगाडी उभी. प्रवासी गाडी बोगद्यातून बाहेर येत होती. चालवणाऱ्या तरुणाने वेळेत पाहिले आणि गाडी थांबवली. मुले हसली. काका हसले नाहीत, मीही नाही.

वाचकांना आठवत असेल. २ जून २०२३, ओडिशातले बहनागा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पॉइंट लूपकडे वळलेला होता आणि लूपवर मालगाडी उभी होती. गाडी ताशी सव्वाशेच्या वेगाने लूपमध्ये शिरली. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघाले ते सिग्नलच्या सर्किटमध्ये वेगवेगळ्या वेळी केलेल्या बदलांतल्या चुकांचे. रिले पडत होते, उठत होते, नियमाप्रमाणे वागत होते. पण ज्या तारांवरून त्यांना बातमी मिळत होती, त्या तारा चुकीच्या जागी होत्या. आमच्या खात्यातल्या कोणालाही त्या रात्री झोप लागली असेल असे मला वाटत नाही. रॉबिन्सनने तार तुटण्याचा बंदोबस्त केला. तार चुकीच्या टर्मिनलला नीट घट्ट बसवली, तर त्याचा बंदोबस्त विजेत नाही. तो कागदावरची आकृती, समोरची वायर आणि तपासणाऱ्या दोन माणसांच्या डोळ्यांत आहे.

लोक विचारतात, आता 'कवच' आले ना? आले, आणि त्याच्या चाचण्या आपल्याच दक्षिण मध्य रेल्वेवर झाल्या. मार्च २०२२ मध्ये गुल्लागुडा आणि चिटगिड्डा यांच्या दरम्यान दोन इंजिने समोरासमोर सोडून ती आपोआप थांबतात हे दाखवले गेले. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला तर कवच ब्रेक लावते. उत्तम यंत्रणा आहे, सर्वत्र लवकर व्हावी. पण सिग्नलच चुकून हिरवा असेल, तर कवचही त्यावरच विश्वास ठेवते. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

टेबलावरचा तो सिग्नल खोटे का बोलत होता याचे कारण सोपे होते. पॉइंटची कळ वेगळी, सिग्नलची कळ वेगळी, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. हौशी मांडण्यांत सिग्नल पुष्कळदा शोभेलाच असतो. त्या तरुणाला मी हे सांगितले तेव्हा त्याने रागावण्याऐवजी वही काढली. पुढचे दोन रविवार आम्ही तिघांनी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत घालवले. पॉइंटच्या मोटारीबरोबर सरकणारा एक संपर्क, त्याच्यातून सिग्नलच्या हिरव्या दिव्याची वायर, आणि लूपच्या रुळाला एक लहान रिले. पॉइंट मेनला नीट बसल्याशिवाय हिरवा लागतच नाही, कळ कितीही दाबा. काकांनी चाचणी घेतली ती खऱ्या स्टेशनात घेतात तशी. एकेक वायर काढायची आणि सिग्नल लाल होतो का ते पाहायचे. अकरा वायरी, अकरा वेळा. नवव्या वेळी त्या तरुणाची आई चहा घेऊन आली आणि "अजून बिघडलेलेच आहे का?" असे हिंदीत विचारून गेली.

आपल्या लोकांना या छंदाची चव घ्यायची असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले झाले. अख्खे शहर टेबलावर आहे, आणि तिथले सिग्नल गाड्यांबरोबर बदलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहून खात्री केली आहे. पुण्याला जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन जावे.

मास्तरकाका सध्या एका दोनशे पानी वहीत बेलचे ठोके, टोकनचे नियम आणि त्यांच्या काळातल्या स्टेशनांचे नकाशे आठवून आठवून काढत आहेत. पाच स्टेशने झाली आहेत. कोणाकडे त्या लाइनवरच्या स्टेशनांचे मीटरगेजच्या वेळचे फोटो असतील, मग त्यात लग्नाची वरात का असेना, मागे फलाट किंवा सिग्नलचा खांब दिसत असला की पुरे, तर त्यांनी ते मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत. प्रत काढून मूळ फोटो परत केला जाईल. बारा मिलीमीटरचे रूळ मागवले आहेत.